चला, गरवायला जाऊ!

बालमित्रांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या पाहू. बीड सापडलं? आता तिथून बोट सरळ डावीकडे सरकवत न्या. अहिल्यानगर, पुणे, मग सह्याद्रीची उभी ओळ आणि ती उतरली की निळा रंग! बोटाला दोन पेरांचं अंतर, पण जमिनीवर जवळजवळ तीनशे किलोमीटर. शिवाय आपलं पाणीसुद्धा त्या बाजूला जात नाही. माजलगावकडचा पाऊस सिंदफणेतून गोदावरीला मिळतो. केज-अंबाजोगाईकडचा मांजरेतून लांब वळसा घालून शेवटी गोदावरीलाच मिळतो. आष्टीकडचा सीनेतून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत जातो. सगळ्यांची वाट पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराला. म्हणजे अरबी समुद्राशी आपली ओळख दोनच वस्तूंमुळे. एक मीठ आणि दुसरी आठवडी बाजारातली सुकट!

सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, हे किती जणांना माहीत आहे? जवळा हा कोळंबीचा अगदी चिमुकला भाऊबंद. कोकणातल्या किनाऱ्यावर तो उन्हात वाळतो, पोत्यांत भरला जातो आणि घाट चढून आपल्या भाकरीजवळ येऊन बसतो. आपण मात्र घाट उतरून त्याच्या गावाला क्वचितच जातो.

आता कुणी म्हणेल, बीडच्या मुलांना मासेमारीचं काय कळतं? तर तसं मुळीच नाही हं! सिंदफणा आणि गोदावरीच्या काठच्या गावांत भोई मंडळींची घरं आहेत. माजलगावच्या धरणावर पहाटे जाळी टाकणारे लोक आहेत. आणि काठीला दोरा, दोऱ्याला गळ, गळाला गांडूळ लावून तासन् तास बसणारी मुलं तर प्रत्येक वर्गात दोन-तीन सापडतील. (ती वर्गात तेवढा वेळ बसत नाहीत, ही गोष्ट वेगळी.) अशाच एका सहावीतल्या मुलानं मला विचारलं होतं, ‘‘बाई, समुद्रात गळ टाकला तर काय लागतं?’’

हा मुलगा दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेले की गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतो. सुटीच्या दिवशी नदी हाच त्याचा सोबती. मरळ, वाम, चिलापी, सगळे मासे त्याच्या ओळखीचे. पण समुद्र त्यानं पाहिला नव्हता. खरं म्हणजे त्याच्या वर्गातल्या कुणीच पाहिला नव्हता. या एका प्रश्नातून आमचं शिबिर निघालं. मुलं सात, त्यांत तीन मुली. मोठी माणसं सहा. दिवस चार. ना बॅनर, ना फीत कापणं. शाळेची सहलही नव्हे. पालकांनी मिळून, मे महिन्याच्या सुटीत, आपापल्या जबाबदारीवर काढलेलं घरगुती शिबिर.

पालकांची समजूत घालणं हे सगळ्यांत अवघड काम होतं आणि त्यांची भीती खोटी नव्हती. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती बातमी कोणताही पालक विसरलेला नाही आणि कोणताही शिक्षक तर नाहीच. त्या मुलाची आई मला म्हणाली, ‘‘बाई, आमचं पोरगं हिरीत पोहतंय. पर समिंदराला काय कठडा असतो व्हय?’’

किती नेमकं बोलली पाहा ती! विहिरीचं पाणी खोल असतं, पण जागच्या जागी असतं. समुद्राचं पाणी माणसाला जास्त तोलून धरतं, कारण त्यात मीठ असतं. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम. पण ते कधी स्वस्थ बसत नाही. ओहोटीला ते आत खेचतं, लाट परतताना पायाखालची वाळू काढून नेते. विहिरीत पोहणाऱ्याला वाटतं, आपल्याला काय भीती! आणि इथंच घात होतो. म्हणून आम्ही ठरवलं, पोहायचं नाहीच. गरवायचं ते खाडीच्या काठावरून. अंगात तरंगणारं जाकीट घालून. दर दोन मुलांमागे एक मोठं माणूस जवळ हवंच. खडकावर पाय ठेवायचा नाही. या अटी आधी कागदावर लिहिल्या आणि मुलांच्या सह्या घेतल्या. सही करायला मिळाली म्हणून मुलं भलतीच खूश!

हो, ‘गरवणं’ हा शब्द तुम्हाला नवा असेल. कोकणात गळाला म्हणतात गरी. गरी टाकून मासे धरायला जाणं म्हणजे गरवायला जाणं. तिथल्या मुलांची मे महिन्याची सुटी आंबे, काजू आणि गरवणं यांतच संपते.

एसटीनं आधी कोल्हापूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली आणि तिथून मालवण. आमचा मुक्काम होता तारकर्लीच्या पुढं देवबागला. ही जागा मुलांनी नकाशात नक्की शोधावी अशी आहे. जमिनीची एक लांबट, चिंचोळी पट्टी. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची शांत खाडी आणि पट्टीच्या टोकाला दोघांची भेट. आम्ही खाडीच्या अंगाला उतरलो. ज्या काकांच्या घरी राहिलो त्यांची पिढ्यान् पिढ्या होडी. त्यांनी सगळ्या मुलांकडे एकदा पाहिलं आणि पहिलाच नियम सांगितला, ‘‘दर्याक कधी पाठ दाखवू नको रे झिला.’’ झिला म्हणजे मुला. मुली हसायला लागल्या, तर काका म्हणाले, ‘‘चेडवांनी पण नाय!’’

पहिल्या दिवशी त्यांनी कुणाच्याही हातात गरी दिली नाही. मुलं हिरमुसली. काका म्हणाले, आज फक्त पाणी बघायचं. काठावर एक वेळूची काठी रोवली, तिच्यावर खडूनं खुणा केल्या आणि दर अर्ध्या तासानं पाणी कुठवर आलं ते वहीत लिहायला लावलं. सकाळी साडेदहाच्या सुमारास पाणी सगळ्यांत खाली. मग हळूहळू चढायला लागलं. दुपारी चार-साडेचारला ते थबकलं. चढेना, उतरेना. जणू विचार करतंय. आणि मग उतरायला लागलं.

‘‘आता सांगा, उद्या पाणी किती वाजता भरेल?’’ काकांनी विचारलं. सगळे गप्प. तेव्हा काकांनी जे सांगितलं ते ऐकून मी गणिताची शिक्षिका असून थक्क झाले. ते म्हणाले, ‘‘पाऊणकी येता ना?’’

पाऊणकी! आजीआजोबांना विचारा. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे त्यांनी शाळेत घोकलेले असतात. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. आता हे पाढे आपण शिकवत नाही. पण कोकणातले जुने लोक याच पाढ्यानं भरतीची वेळ काढतात. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल ते भरतीचं घड्याळ! चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. तीन वाजता भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. त्या दिवशी होती षष्ठी. सहा पाऊण साडेचार. मुलांनी वहीतली नोंद पाहिली आणि एकच गलका झाला. आमच्या वहीतसुद्धा चार-साडेचारच!

हे का जमतं? भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे होते. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागं पडते. आणि तिथी म्हणजे तरी काय? चंद्र सूर्यापासून किती पुढं सरकला त्याचंच माप. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. ढोबळ हिशेबाला पुरे.

पण आमच्यातली सातवीतली एक मुलगी भारी चिकित्सक. ती रात्री वही घेऊन माझ्याकडे आली. ‘‘बाई, पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी. पंधरा पाऊण सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एक पाऊण पाऊण. म्हणजे पाऊण वाजता. मग एका दिवसात दीड तास कसा वाढला?’’ शाब्बास! मित्रांनो, तुम्हाला उत्तर सुचतं का? थोडा वेळ थांबा आणि विचार करा.

उत्तर असं. खरा उशीर पन्नासेक मिनिटांचा, पण पाऊणकी धरते ४५. रोज चार-पाच मिनिटं हिशेबातून निसटतात. पंधरा दिवसांत ती साठत जातात आणि पक्ष बदलला की पाऊणकी पुन्हा एकपासून सुरू होऊन ती थकबाकी एकदम फेडते. शिवाय प्रत्येक बंदराची वेळ थोडी पुढंमागं असते. म्हणून होडी बाहेर काढणारे लोक पाऊणकीवरच विसंबत नाहीत, छापील वेळापत्रकही बघतात. ही गोष्ट दुसऱ्या दिवशी काकांना सांगितली तेव्हा ते त्या मुलीकडे पाहून म्हणाले, ‘‘ह्या चेडू होडयेर घेवक होया!’’ म्हणजे ही मुलगी होडीवर घ्यायला हवी.

एक गोष्ट पालकांसाठी सांगते. षष्ठी ते नवमी हे दिवस आम्ही मुद्दाम निवडले होते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका ओळीत येऊन ओढतात, पाणी फार चढतं आणि फार उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, म्हणून चढउतार कमी. ती भांगाची भरती. भांगाला खाडीतला ओढ सौम्य असतो. लहान मुलांना न्यायचं तर असेच दिवस बरे.

दुसऱ्या दिवशी गरी हातात आली. सामान अगदी साधं. तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, तो लाकडी रिळावर गुंडाळलेला. टोकाला गरी आणि तिच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा छोटा गोळा, दोरा तळाशी जावा म्हणून. काठी नाहीच. दोरा तर्जनीवर धरून बसायचं. मासा तोंड लावतो तेव्हा बोटाला ‘टक्’ असं कळतं.

गाठ मारायला मात्र अर्धा दिवस गेला. दोरा गरीच्या नेढ्यातून ओवायचा, दोऱ्याला पाच-सहा पीळ घालायचे, टोक मागं आणून नेढ्याजवळच्या फटीतून काढायचं आणि ओढायचं. ओढण्याआधी गाठ थुंकीनं ओली करायची. का? कोरडा नायलॉन घासला की तापतो आणि तिथंच कमजोर होतो. मुलांनी आधी बुटाच्या नाडीवर सराव केला. काकांनी आणखी एक युक्ती केली. गरीच्या टोकाजवळ मासा सुटू नये म्हणून उलटा काटा असतो, तो पक्कडीनं दाबून सपाट केला. मासा थोडा लवकर सुटेल हे खरं, पण मुलाच्या बोटात गरी घुसली तर तीही चटकन निघेल. कुणाच्या बोटात घुसली नाही, पण एकाच्या सदऱ्यात घुसली आणि काटा नव्हता म्हणूनच सदरा वाचला.

आमिष म्हणून गांडूळ नाही, कोळंबीचे तुकडे. आमच्या सहावीवाल्यानं घरून आणलेल्या कणकेच्या गोळ्या लावून पाहिल्या. खारं पाणी आणि पुढं सरकणारी भरती, गोळी दोन मिनिटांत विरघळून जायची. चार वेळा केलं आणि मग गुपचूप कोळंबी मागून घेतली.

पहिला मासा लागला तो एका मुलीला, आणि काय लागला? केंड! वर काढल्याबरोबर तो पोटात पाणी आणि हवा भरून चेंडूसारखा टम्म फुगला. मुलं हसून लोळायची बाकी राहिली. पण केंड खायचा नसतो बरं का. त्याच्या अंगात जहरी विष असतं. दात इतके तीक्ष्ण, की दोराही तोडतो. काकांनी त्याला पाण्यात सोडलं. तो थोडा वेळ तसाच उलटा तरंगला, मग फुस्स करून पाणी सोडलं आणि पळाला.

दुसरा लागला शेंगटीचा मासा. मिशीवाला. त्याला हात लावायला कुणालाही परवानगी नव्हती. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांजवळ एकेक, असे तीन विषारी काटे असतात. लागला तर हात ठणकतो. अशा वेळी सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. हाच उपाय पाकट माशाच्या नांगीवर. पाकट उथळ वाळूत अंग पसरून बसतो, म्हणून वाळूतून चालताना पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा. तो आधीच सटकतो.

रात्री गप्पांत एकानं विचारलं, माशाला तहान लागते का? सगळे त्याला हसले. पण हसण्यासारखं काही नाही. समुद्रातल्या माशाच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर खेचलं जातं, कारण बाहेर मीठ जास्त. म्हणून बहुतेक समुद्री मासे खरोखर पाणी पितात आणि त्यातलं जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतात. आपल्या धरणातल्या रोहूचं अगदी उलट. त्याच्या अंगात पाणी बाहेरून सारखं शिरतं. म्हणून तो पाणी पीत नाही आणि पातळ लघवी भरपूर करतो! रोहू समुद्रात टाकला तर जगणार नाही आणि बांगडा धरणात टाकला तर तोही नाही. पण खाडीचं पाणी भरतीला खारट आणि ओहोटीला मचूळ. तिथं राहणाऱ्या तांबोशी, जिताडा यांसारख्या माशांना दोन्ही हिशेब सांभाळता येतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पट्टीच्या दुसऱ्या अंगाला, समुद्रावर, रापण बघायला गेलो. रापण म्हणजे भलं मोठं लांब जाळं. होडीतून ते अर्धगोलात समुद्रात सोडत नेतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात. मग दोन्ही बाजूंनी माणसंच माणसं, दोर धरून मागं मागं चालत ओढतात. आमच्या मुलांनाही दोराला हात लावू दिला. तास-दीड तास ओढलं. मुलांना वाटलं, आता डोंगरभर मासळी येणार! जाळं वर आलं. थोडे बांगडे, थोड्या मुडदुश्या, काही खेकडे, दोन टोपल्या कशाबशा भरल्या. आणि हो, प्लॅस्टिकच्या पिशव्या. माणसं मात्र तीसच्या वर. त्या दोन टोपल्यांचे वाटे पडले. कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही. सवय झाल्यासारखे सगळे पांगले.

मासळी कमी का झाली, याचं उत्तर एका वाक्यात नाही. पण एक कारण किनाऱ्यावरची लहान मुलंही सांगतात. यांत्रिक बोटी जाळ्यांनी थवेच्या थवे वेढून घेतात, काही जण तर रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करतात. गोव्याच्या रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध १९७० च्या दशकातच आवाज उठवला होता. महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा. पर्ससीन जाळ्यांवर राज्यानं २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारनं २०१७ मध्ये बंदी घातली. कायदा झाला म्हणजे दिवे विझलेच, असं मात्र मालवणात कुणी सांगितलं नाही. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद राहतात. आणि मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे.

किल्ल्याचं नाव निघालंच आहे तर सांगते. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचं बांधकाम सुरू केलं. चहूकडे खारा समुद्र आणि किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आमच्या मुलांनी तटबंदी भराभर पाहिली आणि विहिरींपाशी मात्र बराच वेळ थांबली. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातली मुलं ती. एकीनं पाणी चाखून पाहिलं आणि काही न बोलता बाटली भरून घेतली.

त्याच संध्याकाळी, अष्टमीच्या भरतीला, आमच्या सहावीवाल्याच्या बोटाला टक् झालं. दोन दिवस त्याला काहीच लागलं नव्हतं. इतरांना केंड, शेंगटी, एकीला तर काळुंदर लागलं होतं. आणि हा नदीवरचा वस्ताद रिकाम्या हातानं बसलेला! त्यानं दोरा झटकन ओढला नाही. थोडा सैल सोडला, मग हळूहळू आत घेतला. पाण्यातून तांबूस झळाळी वर आली. तांबोशी! सगळे धावले. पण ती होती जेमतेम त्याच्या तळहाताएवढी.

काका काही बोलले नाहीत. नुसते त्याच्याकडे बघत राहिले. नियम पहिल्याच दिवशी ठरला होता. बारीक मासा परत सोडायचा. तांबोशी लहानपणी खाडीत, खारफुटीच्या मुळांच्या आसऱ्यानं वाढते आणि मोठी झाली की बाहेरच्या खडकाळ समुद्रात जाते. तिथं ती हातभर लांब होते आणि तिथंच तिची अंडी. ही तर अजून पहिलीतलीच म्हणायची!

‘‘लई बारीक हाय का हो काका?’’ त्यानं विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं. समुद्रातला त्याचा पहिला मासा. घरी आईला सांगायचा. दाखवायला फोटोसुद्धा अजून काढला नव्हता. त्याचे डोळे भरून आले, आणि मला वाटून गेलं, नियम जरा वाकवला तर काय बिघडेल? तेवढ्यात त्यानं दुसरा हात पाण्यात बुडवला. कोरड्या हातानं मासा धरला तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग होतो, हे काकांनी शिकवलं होतं. ओल्या हातानं त्यानं गरी काढली. काटा सपाट होता, लगेच निघाली. तांबोशी पाण्यात धरून ठेवली. तिनं दोनदा कल्ले हलवले आणि गेली.

बराच वेळ तो तिथंच बसला होता. मग मला म्हणाला, ‘‘बाई, आपल्या धरणात मत्स्यबीज सोडत्यात ना, टँकरमधून? समुद्रात कोण सोडतंय?’’

मी म्हटलं, कुणी नाही. रोहू-कटल्याला अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, धरणाच्या थांबलेल्या पाण्यात ते नीट जमत नाही, म्हणून तिथं बीज आणून सोडावं लागतं. समुद्रात ते आपलं आपण होतं.

‘‘मंग हेच बीज की,’’ तो म्हणाला.

महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. त्याच सुमारास किती लहान मासा पकडू नये, याची मापंही ठरवली. पापलेट किमान १३५ मिलिमीटर हवा. म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची असते ना? बाजारात गेलात तर खिशात ती ठेवा आणि आईला मोजून दाखवा. मासेवाल्या मावशी रागावतील बहुधा, पण मोजा! परदेशात हौसेनं गळ टाकणाऱ्यांकडेही अशीच मोजपट्टी असते. पट्टीपेक्षा छोटा, तर परत पाण्यात.

आता थोडं आईबाबांसाठी. असं शिबिर कुणालाही काढता येईल, फार खर्चाचं नाही. पण किनाऱ्यावरचं जाणतं माणूस सोबत नसेल तर काढू नका. जाकीट प्रत्येक मुलाला, ‘याला पोहता येतं’ ही सबब चालायची नाही. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच जाऊन या, नंतर समुद्र खवळायला लागतो. टोपी, पाण्याची बाटली, पायात मागं पट्टा असलेले बूट. तुटलेला तंगूस तिथं टाकून येऊ नका. तो वर्षानुवर्षं कुजत नाही, पक्ष्यांच्या पायांत गुंततो. आमच्या मुलांनी परत निघताना काठावरचे दोऱ्यांचे तुकडे वेचले, तर एक पिशवी भरली. त्यांत आमचे थोडे, बाकी कुणाकुणाचे. आणि ज्यांना पुढं खरोखर या व्यवसायात जायचं आहे, अशा तरुण मच्छीमारांसाठी मत्स्यव्यवसाय खात्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं. त्यासाठी वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत आणि पोहता यायला हवं.

शिबिराहून आल्यावर आमचा सहावीवाला एक दिवस नवाच प्रश्न घेऊन आला. समुद्राला भरती येते, मग माजलगावच्या धरणाला का येत नाही? चंद्र तर तोच आहे! मी सांगितलं, चंद्र धरणालाही ओढतो. पण समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला असतो, त्याच्या एका टोकाला ओढ जास्त, दुसऱ्या टोकाला कमी, म्हणून पाणी एकीकडे जमा होतं. धरण एवढंसं. सगळीकडे ओढ जवळपास सारखीच. फरक पडतो, पण डोळ्यांना दिसण्याइतका नाही.

त्याचं काही समाधान झालं नाही. धरणाच्या काठाला त्यानं खडूच्या खुणा केलेली वेळूची काठी रोवली आहे आणि वहीत तिथीवार नोंदी चालू आहेत. पाणी रोज थोडं थोडं खालीच जातंय. कालव्याला सोडतात ना! परवा पौर्णिमेला एक खूण वर चढलं, असं तो सांगत आला. आदल्या रात्री वळिवाचा पाऊस झाला होता, हे मी त्याला सांगितलं. ‘‘मंग पुढच्या पुनवेला बघू,’’ म्हणाला आणि वही दप्तरात टाकून पळाला.